जेवायला गेलेला हवालदार

२६ मार्च १९७२. देसाईगंज हे तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातले गाव. रेल्वेच्या पाटीवर त्याचे नाव वडसा, आणि लोकांच्या तोंडीही वडसाच. त्या दिवशी एका आदिवासी तरुणाने ठाण्यात तक्रार दिली होती, की आपल्या बहिणीला पळवून नेले आहे. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. रात्री नऊच्या सुमारास ती मुलगी, तिचा भाऊ, ज्याच्यावर आरोप होता तो मुलगा आणि त्याची नातलग मंडळी असे सगळे ठाण्यात जमले. हवालदाराने एकेकाचे जबाब लिहून घेतले. साडेदहा वाजले. मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून दे, असे भावाला सांगून हवालदाराने सगळ्यांना जायला सांगितले आणि तो स्वतःही घरी निघाला. त्याचे रात्रीचे जेवण राहिले होते.

जेवणाचा हा तपशील माझ्या पदरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच तो आहे, एका ओळीत, जाता जाता आल्यासारखा. ठाण्यात मागे उरले एक शिपाई आणि दुसरा एक हवालदार. शिपायाने मुलीला थांबायला सांगितले, तिच्याबरोबरच्यांना बाहेर काढले. बाहेर थांबलेल्यांना काही वेळाने ठाण्याचे दिवे मालवलेले आणि दार बंद दिसले. आत जे घडले त्यावर न्यायालयांचे एकमत झाले नाही. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा सोडले. त्यानंतर वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीवरचा अत्याचार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे पुरावा कायद्यात आले. त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून हे प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते.

पण विद्यार्थी शिकतो तो संमतीचा प्रश्न. मला त्या रात्रीचा दुसराच प्रश्न सतावतो, आणि तो अगदी कारकुनी आहे. ज्याच्याकडे ठाणे होते तो जेवायला गेला, तेव्हा ठाणे कोणाकडे देऊन गेला? स्टेशन डायरीत तशी नोंद करून गेला का? अल्पवयीन मुलगी ठाण्यात असताना तिला सोबतीच्या मोठ्या माणसाच्या हवाली करून, दाराबाहेर पडताना पाहून, मग तो निघाला का? गुन्हा करणाऱ्याची नियत हा गुन्ह्याचा विषय झाला. नियत वाईट असली तरी संधीच मिळू नये, ही व्यवस्था हा वेगळा विषय आहे. विमा कंपन्या, कारखाने, विमानसेवा याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. कोळसा खाणीत ते सक्तीचे आहे. चंद्रपूरच्या माणसाला ते समजावून सांगायला नको. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाची हजेरी लागते, वर आलेल्याची खूण होते, आणि खाली कोण राहिले ते एका नजरेत कळते. पोलीस ठाण्यातही आत कोण आले आणि बाहेर कोण गेले हे तितक्याच सहज कळायला हवे.

चूक झाली की किंमत कोणी तरी मोजतो. कोण, हे ठरवायला आपल्याकडे जवळपास शतक-दीड शतक लागले, आणि त्या गोष्टीची सुरुवात कलकत्त्याच्या एका घोड्यापासून होते. किद्दरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावरून नेत होते. समोरून घोडागाडी आली. कामगारांनी घाबरून तो तुकडा टाकला, आवाजाने घोडा उधळला आणि जखमी झाला. गाडी होती पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची. तिने सरकारवर दावा लावला आणि १८६१ साली तिला साडेतीनशे रुपये मिळाले. पण निकाल देताना न्यायालयाने एक भेद केला: गोदी चालवणे हे व्यापाऱ्याचे काम, त्यात सरकार इतरांसारखेच जबाबदार, राजसत्तेचे म्हणून जे काम, त्यात मात्र नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३००व्या अनुच्छेदाने सरकारवर दावा कधी लागू शकतो याचे उत्तर जुन्या कायद्यांवर सोपवले, आणि ते जुने कायदे मागे मागे जात ईस्ट इंडिया कंपनीपाशी पोचतात. इंग्लंडने आपल्या घरी ही सवलत १९४७ सालीच बव्हंशी मोडून टाकली. आपण मात्र कंपनीवर दावा लागला असता का, याचा खल करत राहिलो.

त्याचा फटका बसला अमृतसरच्या एका सराफी पेढीला. सप्टेंबर १९४७ मध्ये पेढीचा भागीदार सोने-चांदी घेऊन मेरठला उतरला. पोलिसांनी संशयावरून त्याला पकडले आणि शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त करून मालखान्यात ठेवले. मालखान्याचा हवालदार ते सोने घेऊन पाकिस्तानात निघून गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मान्य केले की पोलिसांचा निष्काळजीपणा झाला. पण अटक आणि जप्ती हे राजसत्तेचे काम, म्हणून सरकार देणे लागत नाही! कस्तुरीलाल खटला तो हाच. न्यायालयालाही हे बरे वाटले नव्हते, संसदेने कायदा करावा असे त्याने सुचवले. विधेयक १९६५ साली आले, १९६७ साली पुन्हा आले, दोन्ही वेळा विरून गेले. आजपर्यंत तो कायदा नाही.

वाट निघाली ती घटनेच्या दुसऱ्या दाराने. बिहारमधला रुदल शहा १९६८ साली निर्दोष सुटला आणि तरीही चौदा वर्षे तुरुंगातच राहिला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पस्तीस हजार रुपये देवविले. जगण्याचा हक्क हिरावला गेला तर नुसती सुटका पुरेशी नाही, असे म्हणून. १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलबती बेहरा या आईला कोठडीत गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाबद्दल दीड लाख मिळाले, आणि न्यायालयाने स्पष्टच सांगितले की मूलभूत हक्काच्या बाबतीत राजसत्तेची ढाल चालणार नाही. १८ डिसेंबर १९९६च्या डी. के. बसू निकालाने अटकेची पद्धत ठरवून दिली: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, त्यावर नातलगाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही, घरच्यांना कळवणे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. ही यादी वाचताना जाणवते की यात तत्त्वज्ञान काही नाही, फक्त नोंदी आहेत.

आणि पैसे कोण भरतो? नागपूरच्याच एका कोठडी मृत्यूच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मांडला. आधी राज्याने भरायचे. मग चौकशीत ज्याचा दोष निघेल त्याच्याकडून, जितका दोष तितके, वसूल करायचे. कागदावर सरळ. व्यवहारात खटला चालतो दहा-पंधरा वर्षे. तोवर ठाणेदार दोन-चार बदल्या आणि एखादी बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो, शिपाई निवृत्त झालेला असतो. भरपाई राज्याच्या तिजोरीतून जाते. ज्या ठाण्यात चूक झाली त्या ठाण्याच्या डिझेलमधून, कागदातून, गणवेशातून एक रुपयाही कमी होत नाही, त्यामुळे नव्या ठाणेदाराला त्या रकमेची झळ लागत नाही आणि त्या घटनेची आठवणही राहत नाही. माझ्या मते दुखणे इथे आहे. भरपाईची रक्कम थोडी की जास्त, हा वाद त्याच्यापुढे दुय्यम.

चंद्रपूर जिल्ह्यातच दुसरे एक खाते कसे वागते ते बघण्यासारखे आहे. ताडोबाच्या भोवती, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघाने माणूस मारणे ही आता क्वचितची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ पासून राज्य सरकार अशा मृत्यूबद्दल वारसांना पंचवीस लाख रुपये देते. दोष कोणाचा हे विचारत नाही, वकील लागत नाही. रक्कम वनखात्याच्या नावावर पडते, म्हणून प्रत्येक घटनेचे ठिकाण, वेळ, मृत व्यक्ती तेंदूपत्ता तोडायला गेली होती की सरपणाला की गुरांमागे, याचा हिशेब खात्याला ठेवावाच लागतो. त्या हिशेबातून मग सूचना निघतात: पहाटे एकट्याने जाऊ नका, मोहफुले वेचायला गटाने जा, अमुक कक्षात सध्या वावर आहे. सूचना नेहमी पाळल्या जातात असे नाही. पण त्या कुठून आल्या ते माहीत असते. आता दुसरी बाजू. तुरुंगात, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, मारहाणीने किंवा उपचारातल्या हलगर्जीने कैदी मेला तर पाच लाख आणि आत्महत्या असेल तर एक लाख, असे धोरण महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५च्या एप्रिलमध्ये मंजूर केले. धोरण झाले हे चांगलेच. पण मूलच्या शिवारातल्या वाघाने मारले तर पंचवीस आणि सरकारच्या कुलुपाआड मेला तर पाच, हा भाव कोणी कसा ठरवला असेल असा विचार मनात येतोच.

अमेरिकेत या प्रश्नाला पैशाच्याच बाजूने हात घालतात. तिथे पोलीस बहुधा शहराचे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेचे. मिनियापोलिसने जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला २०२१ मध्ये दोन कोटी सत्तर लाख डॉलर दिले, ते शहराच्या तिजोरीतून. लहान गावांना असा एक दावाही झेपत नाही, म्हणून ती विमा काढतात. मग विमा कंपनी ठाण्यात येऊन विचारू लागते. पाठलागाचे नियम लेखी आहेत का? कोठडीवर दर किती मिनिटांनी फेरी? कोणत्या शिपायावर वारंवार तक्रारी? उत्तर समाधानकारक नसेल तर हप्ता वाढतो. कॅलिफोर्नियातल्या मेवूड या गावचा विमा २०१० साली असाच रद्द झाला आणि गावाने आपले पोलीस खातेच बंद केले. न्यायाचे काम विमा कंपनीने करावे हे मला फारसे पटत नाही. कंपनीला माणसाच्या जिवाची काळजी नसते, तिला दाव्याची असते. पण त्या काळजीपोटी ती विचारते ते प्रश्न बरोबर असतात. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याने सरकारी गाडीला सक्तीच्या विम्यातूनही सूट आहे, म्हणजे पोलिसांच्या जीपबद्दलही ते प्रश्न विचारायला बाहेरचे कोणी येत नाही.

मात्र देसाईगंज आता ज्या जिल्ह्यात आहे, त्या गडचिरोलीच्या पोलिसांना जोखमीचे गणित येत नाही, असे कोणी म्हणू नये. ते त्यांना इतके येते की देशभरचे अधिकारी तिथे शिकायला यावेत. फक्त ते रस्त्यावरचे आहे, ठाण्याच्या आतले नाही.

नक्षल चळवळ १९८०च्या सुमारास गोदावरी ओलांडून इकडे आली. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला आणि १ डिसेंबर १९९० रोजी सी-६० ही स्थानिक तरुणांची तुकडी उभी राहिली. तेव्हापासून आजवर जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलीस मारले गेले. २००९ हे वर्ष सर्वांत वाईट: फेब्रुवारीत मरकेगाव येथे १५, मे महिन्यात हत्तीगोटा येथे १६ आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरी येथे १७, तीन घटनांत ४८ माणसे गेली. हत्तीगोट्याच्या १६ जणांत पाच महिला पोलीस होत्या. या मरणांतून जे नियम तयार झाले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा पक्के आहेत. गाडीने जायचे नाही, चालत जायचे. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परतायचे नाही. पुलाखाली, मोरीखाली, डांबरावरच्या नव्या ठिगळाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. त्याला रोड ओपनिंग म्हणतात. सुरुंगरोधक गाड्या आल्या, तेव्हा वाटले की आता सुटलो. सप्टेंबर २००५ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात पदेडा येथे अशाच गाडीखाली इतकी दारू पेरली होती की आतले चोवीस जवान गेले. गाडी जाड झाली तसा सुरुंगही मोठा झाला. यंत्र विकत घेतल्याने धोका संपत नाही, कधी कधी यंत्रावरच्या भरवशाने माणूस चालायचे सोडतो आणि धोका वाढतो.

एवढे सगळे ठाऊक असताना १ मे २०१९ घडला. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने माओवाद्यांनी जाळली होती. महाराष्ट्र दिनी तिकडे शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान निघाले, एका खासगी मालवाहू गाडीत. जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. पंधराही गेले, आणि गाडीचा चालकही. वाहने जाळणे हेच आमिष असते, बोलावणे असते, हे या जिल्ह्यातल्या जुन्या शिपायाला कोणी सांगावे लागत नाही. त्या प्रवासाआधी रस्ता तपासला गेला नाही यावर मोठी टीका झाली, चौकशा झाल्या. ६ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात कुटरूजवळ परतीच्या वाटेवरच्या गाडीत आठ जवान आणि चालक गेले, तीच गोष्ट. नियम माहीत असतो, पण थकवा असतो, घाई असते, वरून फोन आलेला असतो, आणि गेले सहा महिने काही झालेले नसते. जोखमीच्या शास्त्रात सगळ्यात अवघड भाग कोणता, तर काही न घडलेले सहा महिने.

तरीही फरक उरतोच. रस्त्यावरच्या चुकीची किंमत शिपाई स्वतः मोजतो, त्याचा सोबती मोजतो, म्हणून पोमकेत, म्हणजे पोलीस मदत केंद्रात, जेवताना-झोपताना त्याच गोष्टी निघतात. नवीन पोराला जुना हवालदार कुठल्या वळणावर काय झाले ते बोट दाखवून सांगतो. कोठडीतल्या चुकीची किंमत दुसऱ्याच कोणाचे तरी घर मोजते. ती गोष्ट जेवताना निघत नाही. निघालीच तर ‘अमक्याला उगाच अडकवला’ अशी निघते.

चंद्रपूरच्या बाजूला धोक्याचे रूप वेगळे. १ एप्रिल २०१५ पासून सहा वर्षे जिल्ह्यात दारूबंदी होती. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदी बरी की वाईट हा वाद इथे नको; पोलीस ठाण्याच्या हिशेबाने बघितले तर बंदी म्हणजे रोज रात्री पाठलाग आणि रोज सकाळी मुद्देमाल. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीने चिरडले. एका गाडीतली दारू आणि एका अधिकाऱ्याचा जीव. पाठलाग कुठे सोडायचा, गाडीचा क्रमांक घेऊन पुढच्या नाक्याला कधी कळवायचे, अडथळा उभा करताना माणसाने रस्त्यावर उभे राहायचे की नाही, हे अनेक देशांत पोलिसांना लेखी दिलेले असते. पाठलाग सोडला म्हणून कोणाला भित्रा म्हणू नये, यासाठीच ते लेखी असते.

मुद्देमालाचे दुखणे जुने, मेरठच्या सोन्याइतके जुने. ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या गाड्या सगळ्यांनी बघितल्या आहेत: चाके जमिनीत रुतलेली, बॉनेटमधून रुईचे झाड वर आलेले, आतली बॅटरी केव्हाच गेलेली. खटल्याच्या शेवटी मालकाला परत मिळते ती गाडी नसते, भंगार असते. २००२ साली गुजरातमधल्या एका प्रकरणात, जिथे मुद्देमालात अफरातफर केल्याचा आरोप पोलिसांवरच होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन वस्तू लवकर सोडा, गाड्या ठाण्यात कुजवू नका. दारूचेही तसेच. नमुना ठेवून उरलेली न्यायालयाच्या परवानगीने लवकर नष्ट केली, तर तितकी चोरीची, गहाळ होण्याची, आगीची आणि शिपायाच्या मोहाची जोखीम कमी. रोड रोलरखाली बाटल्या फुटतानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, लोक हळहळतात किंवा हसतात. मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाच्या डोक्यावरचे ओझे त्या दिवशी किती उतरले, ते मात्र कोणी छापत नाही.

आणि कागद. अहेरी ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यात दिल्लीच्या प्रा. जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये अटक झाली, गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये त्यांना आणि इतरांना शिक्षा दिली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांना सोडले, मुख्यतः खटला चालवायची सरकारी मंजुरी कायद्याप्रमाणे नव्हती म्हणून. साईबाबांच्या बाबतीत तर न्यायालयाने खटल्याची दखल घेतल्यानंतर ती आली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी करायला लावली, आणि ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या न्यायपीठाने पुन्हा सर्वांना निर्दोष सोडले. या खटल्याकडे कोणी कोणत्याही बाजूने बघो, एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल. आरोपी दोषी होते असे मानणाऱ्याच्या दृष्टीने एका मंजुरीच्या कागदापायी खटला डळमळला, आणि ते निर्दोष होते असे मानणाऱ्याच्या दृष्टीने त्या कागदाकडे वेळीच बघितले असते तर माणसांची वर्षे वाचली असती.

कॅमेऱ्याचे उत्तर हल्ली सगळीकडे दिले जाते. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक ठाण्याच्या येण्याजाण्याच्या दारांवर, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्याच्या खोलीत आवाजासह चित्रण करणारे आणि अंधारातही दिसणारे कॅमेरे लावा, चित्रण अठरा महिने ठेवा, ते जमत नसेल तिथे किमान वर्षभर. भामरागडच्या पलीकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वीज जाते, रस्ता बंद होतो. तिथे हा आदेश पाळायचा तर सौर पॅनेल, बॅटरी आणि ती दुरुस्त करणारा माणूस हे सगळे आधी पाहिजे. शिवाय कॅमेरा कोणी बघायचा? घटना घडल्यावर ‘त्या दिवशी तो बंद होता’ हे उत्तर आता इतके ओळखीचे झाले आहे, की कॅमेरा बंद पडला त्या मिनिटाची नोंद डायरीत करणे हे कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे मानावे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब त्यांच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम तिच्यात आहे. स्त्रियांसाठी आणि पंधरा वर्षांखालील मुलांसाठी तो जुन्या संहितेतही होता.

महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरणही आले. त्याच्याकडे जाते ती घडून गेलेल्याची तक्रार. मला हवी आहे ती थोडक्यात टळलेल्याची वही. विमान उडवणारे लोक अशा घटना कळवतात: धावपट्टीवर दोन विमाने जवळ आली, काही झाले नाही, तरी कळवले. ठाण्यात असे दिवसाला एखादे तरी घडत असावे. कोठडीतल्या माणसाच्या करगोट्याचा दोरा काढायचा राहिला होता, रात्री लक्षात आला. दारू पिऊन आणलेल्या आरोपीला खरे तर डोक्याला मार होता, डॉक्टरकडे नेले म्हणून वाचला. कोठडीमृत्यूंच्या सरकारी नोंदींत आत्महत्या आणि आजारपण ही कारणे पुढे असतात, आणि ही दोन्ही वेळीच बघितल्याने टळणारी कारणे आहेत. पण असे काही कळवले तर शिक्षा होते, न कळवले तर काहीच होत नाही. मग कोण कळवील? नाव न लावता, दर महिन्याला, जिल्ह्याच्या बैठकीत अशी दहा प्रकरणे नुसती वाचून दाखवली तरी चालेल. बजेट लागत नाही त्याला.

गडचिरोलीचे पोलीस लोकांच्या कामाचे होऊ शकतात, हे त्यांनी दाखवले आहेच. ‘दादालोरा खिडकी’ नावाने दूरच्या पोमकेत जातीच्या दाखल्यापासून सरकारी योजनांपर्यंतची कामे होऊ लागली. ज्या दाराशी माणूस दाखल्यासाठी आला, त्या दाराशी तो तक्रार घेऊनही येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. लढाई आटोपत आली असेल, तर या ठाण्यांचे काम आता साधे होणार आहे, म्हणजे इतर ठाण्यांसारखे. दुचाकीचे अपघात, मोहाची दारू, शेताच्या बांधाचे भांडण, घरातून निघून गेलेली मुलगी. चाळीस वर्षे सुरुंग शोधायला शिकलेल्या खात्याला या कामाची सवय पुन्हा लावून घ्यावी लागेल. रात्री साडेदहाच्या सुमारास कोणी तरी भाऊ बहिणीला घेऊन पायऱ्या चढेल, जबाब लिहून होतील, आणि ठाणे अंमलदाराचे जेवण राहिलेले असेल.